हनुवटीतला कोमल रिषभ

शाकुहाची हे जपानी बांबूचं वाद्य तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता बरीच आहे, नाव माहीत नसलं तरी. झोप येण्यासाठी लावायचे आठ-आठ तासांचे ट्रॅक असतात ना, मागे पाऊस, मधूनच एखादी घंटा आणि त्यावर तरंगणारी एक धूसर बासरी? बऱ्याचदा ती शाकुहाची असते. मीही तशीच ऐकली. हेडफोन लावून कोड लिहिताना, जवळजवळ दोन वर्षं. कानावर पडत होती, पण ऐकली एकदाही नव्हती. आता ते ट्रॅक मला ऐकवत नाहीत. त्याचं कारण सांगायचं तर हनुवटीपासून सुरुवात करावी लागेल.

शाकुहाची उभी धरतात. वरचं टोक उघडं असतं. त्याची मागची कड खालच्या ओठाखालच्या खळग्यात टेकवायची आणि पुढची कड तिरकी कापून जी धार केलेली असते, तिच्यावर फुंकर मारायची. भोकं पाचच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्यासाठी. नेहमीच्या वाद्याची लांबी एक शाकू आठ सून, म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर. नावातला ‘हाची’ म्हणजे हाच आठ. सगळी भोकं बंद करून वाजवलं तर सफेद दोनचा सूर येतो. त्याला सा म्हणू. मग खालून एकेक भोक उघडत गेलं की कोमल ग, म, प, कोमल नी. पेटी येणारा कुणीही सांगेल, हे तर धानीचे सूर झाले.

पण या वाद्याच्या कितीतरी जुन्या रचना या सुरांवर थांबत नाहीत. त्यांना सा, कोमल रे, म, प, कोमल ध हवे असतात. आपल्याकडे हे सूर गुणक्रीचे. (राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, हे मला ठाऊक आहे. ही तुलना सुरांपुरतीच.) म्हणजे भोकं धानीची आणि वाजवायचा गुणक्री. रे आणि ध यांना वाद्यात जागाच नाही. त्या काढायच्या हनुवटीने. हनुवटी खाली घेतली की ओठ धारेच्या जवळ येतात, उघडं तोंड जास्त झाकलं जातं आणि सूर उतरतो. याला ‘मेरी’ म्हणतात, आणि उलट वर जाण्याला ‘कारी’. कोमल ग उतरवत कोमल रेपर्यंत आणायचा, कोमल नी कोमल धपर्यंत. बोट भोक थोडं झाकून मदत करतं, पण ओढून खाली नेणारी हनुवटीच.

याची किंमत मोजावी लागते. तोंड झाकलं की आवाजही झाकला जातो. भोकातून आलेला सा, म, प खणखणीत असतो, तर हनुवटीतून आलेला रे दबलेला, सावलीतला. सुरुवातीला मला हा दोष वाटला. वाद्य बनवणाऱ्यांनी आणखी दोन भोकं पाडली असती तर प्रश्न मिटला असता, अशी माझी इंजिनिअरी सूचना तयार होती. खरं म्हणजे सात भोकांची शाकुहाचीही बनते. पण जुन्या रचना तिच्यावर वाजवल्या की काहीतरी हरवतं, कारण त्या उजेड-सावलीच्या हिशेबानेच बांधलेल्या आहेत. रे तिथे फक्त एक उंची नाही, त्याचा मंदपणा हाही त्याचाच भाग आहे.

मी लहानपणी चार वर्षं बासरी शिकलो. आमच्या सरांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच असायचं, “मान हलवू नकोस.” बरोबरच होतं. आपल्या बासरीतही फुंकीचं भोक ओठाने जास्त झाकलं तर सूर उतरतो, पण तिथे तो अपघात असतो. आपली मींड बोटातून येते. भोकावरून बोट हळूहळू उचलत, घरंगळवत. पन्नालाल घोषांनी बासरी सुमारे ३२ इंचांपर्यंत लांबवली ती ख्यालाचं मंद्र सप्तक तिच्यात यावं म्हणून, आणि जिथे बोटांनी काम भागेना तिथे सातवं भोक पाडलं. म्हणजे अडचण जवळपास तीच, सूर हवा आहे आणि जागा नाही. आपण भोक वाढवलं, त्यांनी मान कामाला लावली. दोन्ही उत्तरं अस्सल आहेत. मला फक्त पहिल्याचीच सवय होती.

ही सवय मोडली पीव्हीसी पाइपने. बांबूची खरी शाकुहाची माझ्या खिशाला झेपणारी नाही. जगभर नवशिके पाइपच कापतात, तेव्हा मीही पाऊण इंची पाइपचा तुकडा घेतला आणि कानस मारून धार केली. आठवड्याभरात सा लागला. कोमल रे लागायला पावसाळा गेला. जपानीत एक म्हण आहे, मान हलवायला तीन वर्षं आणि ‘कोरो’ जमायला आठ. कोरो म्हणजे बोटांचा एक गुदगुल्या केल्यासारखा कंप. तीन वर्षं मानेला कशाला, हे मला पहिल्या रात्री कळलं नाही. मी मानेपासून डोकं झुकवायचो आणि आवाज गायब व्हायचा. कड खळग्यात टेकलेलीच ठेवून जबडा सोडायचा, हनुवटी तिच्यावरून अलगद खाली न्यायची आणि ओठांची फट आणखी बारीक करायची, हे तिन्ही एकदम. यातलं एक जरी चुकलं तरी नुसती हवा.

मग मला मोठी हवी झाली. दोन शाकू चार सून, ७२.७ सेंटिमीटर, सफेद सहा. याहून लांबही असतात. एकट्याने वाजवायच्या संथ रचनांसाठी अनेक वादक लांब वाद्य पसंत करतात, कारण त्यांचा सूर खोल आणि पसरट असतो. एक इंची पाइप कापला. आणि इतक्या कष्टाने कमावलेली हनुवटी निकामी झाली.

कारण साधं आहे. अर्धा स्वर उतरवायचा म्हणजे नळीतला हवेचा स्तंभ सुमारे सहा टक्क्यांनी लांबल्यासारखा व्हायला हवा. ५४.५ सेंटिमीटरच्या सहा टक्के म्हणजे सव्वातीन सेंटिमीटर. ७२.७ च्या सुमारे साडेचार. तोंड झाकून जेवढी ‘खोटी लांबी’ मिळते तेवढीच मिळणार असेल, तर लांब नळीत तिचा परिणाम कमी. शिवाय नळी रुंद, म्हणजे झाकायचं तोंडही मोठं. त्यामुळे हनुवटी जास्त खाली, जबडा जास्त सैल, फुंकर सौम्य. आणि या सगळ्याच्या शेवटी येणारा रे आणखीच मंद. इतका मंद, की आमच्या चितेगावात पैठण रोडवरचे ट्रक रात्री विरळ होईपर्यंत तो मला स्वतःलाच ऐकू येत नाही.

आता त्या झोपेच्या ट्रॅककडे येतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार ते शांत आहेत ही नाही. तक्रार ही, की त्यांत सगळे सूर सारख्या उजेडात असतात. मंद सूर वर उचललेले, खणखणीत सूर दाबलेले, आणि सगळ्यावर घुमाऱ्याची साय. हनुवटीचा प्रवास त्या सायीखाली बुजून जातो. मग उरतो फक्त ‘जपानी फील’. याची एक सुरुवात टोनी स्कॉटच्या १९६४ च्या ‘म्युझिक फॉर झेन मेडिटेशन’मध्ये शोधता येते. त्यात होझान यामामोतोंची शाकुहाची अप्रतिम आहे, रेकॉर्डही चांगली आहे. पण तिच्या नावाने पुढच्या सगळ्यांना एक लेबल फुकट दिलं. ‘ध्यान’ म्हटलं की वादकाच्या शरीराचा विचार करायची गरज संपते. कोमुसो साधू डोक्यावर वेताची टोपली घालून शाकुहाची वाजवत फिरायचे. १८७१ मध्ये त्यांच्या पंथावर बंदी आली. टोपलीमुळे लोकांना त्यांची हनुवटी दिसत नसे, हे समजू शकतो. आपल्या कानांवर टोपली कोणी घातली?

या उलट टोकाला वाताझुमी दोसो. ते जाडजूड, आतून न घडवलेले बांबू वाजवत आणि आपल्या वाद्याला शाकुहाची म्हणायलाही तयार नसत. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये फुंकर घासते, सूर डगमगतो, माणूस काम करतोय हे लपत नाही. पहिल्यांदा ऐकताना मी अर्ध्यात बंद केलं होतं. मोठा पाइप चार महिने वाजवल्यावर पुन्हा लावलं, तेव्हा मला माझ्या जबड्यात त्यांचा जबडा जाणवला. कुणाला हे ऐकणं अवघड जाईल, ते मान्य. पण अवघड आणि सुंदर यांत निवड करायची वेळ इथे येत नाही.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी कसोटी मात्र वेगळीच निघाली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, ३ मिनिटं ३० सेकंद. याबद्दल आपण अभिमानाने पोस्ट टाकतो. त्याच तबकडीवर गोरो यामागुचींची शाकुहाचीही आहे, ‘त्सुरु नो सुगोमोरी’, क्रौंचांचं घरटं, ४ मिनिटं ५१ सेकंद. त्याबद्दल आपण बोलत नाही. मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकले. केसरबाईंच्या भैरवीत कोमल रिषभ उघड्या गळ्याचा आहे, भरघोस आकारात, षड्जाच्या तोलाचा. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम अशी, की सुराने कुठे मान खाली घालायचीच नाही. यामागुचींचा तोच सूर खरोखर मान खाली घालून येतो. पिल्लावर पंख धरल्यासारखा.

बराच काळ मी दुसऱ्याला पहिल्याच्या मापाने मोजत होतो. सुरेल म्हणजे भरलेला, कमी भरलेला म्हणजे कच्चा. बासरीच्या क्लासमध्ये याच मापाने मी स्वतःलाही मोजलं आणि सोडून दिलं. सर काही चुकीचं शिकवत नव्हते. पण मंद्रातले माझे दबके सूर ऐकून मला वाटलं होतं की हे आपल्याला जमणारं नाही, आणि दुसरं काही माप असू शकतं हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

काल रात्री मोठ्या पाइपवर कोमल ग धरला आणि हनुवटी सोडत गेलो. फोनमधला ट्यूनर आधी काटा हलवत राहिला, मग त्याला सूर सापडेना. पडद्यावर नुसती रेघ. मला मात्र रे ऐकू येत होता.