खेळांची संहिता आणि संपादकाचे मौन

व्हिडिओ गेमवर समीक्षात्मक लेख लिहावा असे काही वर्षांपूर्वी कोणी सुचवले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. परंतु अमेरिकेतून परतलेल्या भाच्याने आपला जुना प्लेस्टेशन-२ आमच्या घरी आणून ठेवला आणि दोन सुट्ट्या मी घरातल्या मुलांच्या शेजारी बसून काढल्या. एकशेदहा व्होल्टच्या त्या यंत्रासाठी ट्रान्स्फॉर्मर आणावा लागला, माळ्यावरचा जुना टीव्ही खाली उतरवावा लागला. खेळ पहिल्या प्लेस्टेशनचे. ते या यंत्रावर चालतात, पण खेळाची नोंद ठेवायला जुनेच मेमरी कार्ड लागते. तेही भाच्याच्या पेटीत निघाले. एवढा खटाटोप करून जे पाहिले, त्याने मला साहित्यातल्याच एका जुन्या प्रश्नापाशी आणून सोडले. तो प्रश्न असा : जुनी कृती नव्या वेष्टनात देणाऱ्याचे वाचकाप्रती काय कर्तव्य असते?

माझ्यासमोर होते दोन संग्रह. ‘फायनल फँटसी अँथॉलॉजी’ (१९९९) आणि ‘फायनल फँटसी क्रॉनिकल्स’ (२००१). दोन्ही जपानच्या स्क्वेअर कंपनीचे आणि अमेरिकन बाजारासाठी काढलेले. पहिल्यात मालिकेतला पाचवा व सहावा खेळ, दुसऱ्यात चौथा खेळ आणि ‘क्रोनो ट्रिगर’. हे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे यात नेमबाजीपेक्षा वाचन अधिक. खेळणारा एका पात्रसमूहाला घेऊन गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, लढाया करतो आणि तीस-चाळीस तासांत एक लांबलचक कथा पुरी करतो. कादंबरीला लावायच्या कसोट्या यांना लावता येतात, कारण यांचा बराच भाग शब्दांवर उभा आहे.

या संग्रहांची गरज का पडली, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. मालिकेतला दुसरा आणि तिसरा खेळ त्या काळी अमेरिकेत गेलाच नाही. त्यामुळे १९९१ साली चौथा खेळ तिथे ‘दुसरा’ म्हणून विकला गेला. पाचवा (१९९२) पुन्हा जपानातच राहिला आणि १९९४ चा सहावा तिथे ‘तिसरा’ झाला. पुढे १९९७ मध्ये सातवा मात्र सातवा म्हणूनच आला. तीनानंतर एकदम सात! मधले खंड गेले कुठे, असा प्रश्न तिकडच्या खेळणाऱ्यांना पडला असेल तर नवल नाही. चौथ्या खेळाला तर चांगलीच कात्री लागली होती. लढाया सोप्या केल्या गेल्या, पात्रांची काही कौशल्ये गाळली गेली, धार्मिक वाटणारे उल्लेख पुसले गेले.

‘क्रॉनिकल्स’चे मोठे श्रेय हे की, त्यातला चौथा खेळ नव्या इंग्रजी भाषांतरासह आणि मूळ कस राखून पुन्हा उभा राहिला. त्याने काय साधले ते कथेवरून कळते. नायक सेसिल राजाज्ञेने एका दूरच्या गावी अंगठी पोचवायला निघतो. वाटेत तो एक ड्रॅगन मारतो. गावात शिरताच अंगठीतून आग उसळते, गाव जळते. आणि एका लहान मुलीची आई त्या ड्रॅगनच्या मृत्यूबरोबरच गेली आहे हे त्याला कळते. म्हणजे नायकाची पहिली कामगिरी हाच त्याचा अपराध. पुढे तो डोंगरावर स्वतःच्याच काळ्या प्रतिमेसमोर उभा राहतो. इथे खेळणारा सवयीने तलवार चालवतो आणि फसतो. वार न करता सोसत उभे राहणे, हाच तिथे विजय आहे. चाळीस ओळींच्या उपदेशाने जे साधणार नाही, ते इथे हाताला रोखून धरल्याने साधते. हा अनुभव फक्त याच माध्यमात शक्य आहे आणि तो मुळाबरहुकूम मिळायलाच हवा होता.

‘अँथॉलॉजी’तल्या पाचव्या खेळाची गोष्ट याच्या उलट. सात वर्षे अडून राहिलेली ही कृती प्रथमच अधिकृत इंग्रजीत आली, हे पुण्यकर्मच. पण ते घाईत उरकलेले. जपानी लिपीत लिहिलेले ‘वायव्हर्न’ हे पंखवाल्या सर्पाचे नाव भाषांतरकाराला ओळखता आले नाही आणि पडद्यावर चक्क ‘वाय बर्न’ असे दोन निरर्थक शब्द उमटले. आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्यावर नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाऊन परतले की माणूस स्वतःलाच ओळखू येत नाही. तसाच हा प्रकार. विशेष म्हणजे काही हौशी तरुणांनी त्याआधीच या खेळाचे स्वतः भाषांतर करून ठेवले होते, आणि अनेक जाणकारांना ते अधिकृत भाषांतरापेक्षा सरस वाटते. पदरमोड करून भाषेची सेवा करणाऱ्यांची परंपरा आपल्या सीमाभागाला नवी नाही. त्यामुळे मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, आनंद वाटला.

सहाव्या खेळात जुनेच भाषांतर जवळजवळ तसेच ठेवले आहे. ते टेड वूल्सी यांनी १९९४ मध्ये सुमारे तीस दिवसांत केले होते, तेही जागेच्या टंचाईत. जपानी लिपी थोड्या अक्षरांत पुष्कळ सांगते. इंग्रजी ऐसपैस पसरते. साऱ्या खेळाला कार्ट्रिजमध्ये जागा होती तीन मेगाबाइट. मूळ नायिकेचे नाव टीना. जपानी कानाला ते परके, गूढ वाटते. अमेरिकन कानाला शेजारच्या मुलीचे. म्हणून वूल्सींनी तिला टेरा केले. शब्द बदलला, पण परकेपणा राखला. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. अनुवादकाचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचे इतके सुटसुटीत उदाहरण मला वर्गात क्वचित सापडले आहे. इथे जुने भाषांतर ठेवणे मला योग्य वाटते. त्यालाही आता कृतीचे स्वतःचे मोल आले आहे.

माध्यम बदलले की कृतीची लय बदलते, हा धडाही या संग्रहांनी दिला. कार्ट्रिजमधली माहिती यंत्राला तत्काळ मिळे. प्लेस्टेशनला ती फिरत्या सीडीवरून सेकंदाला सुमारे तीनशे किलोबाइट या वेगाने वाचावी लागते. सीडीवर जागा मुबलक, पण वाट पाहणे आले. ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) हा साकागुची, होरी आणि चित्रकार तोरियामा यांच्या सहयोगातून झालेला चपळ, हसरा खेळ. संग्रहात त्याला तोरियामांच्या शैलीतली चलच्चित्रे जोडली आहेत, ती देखणी आहेत. पण प्रत्येक लढाईपूर्वी आणि यादी उघडताना पडदा क्षणभर थबकतो. ठेका चुकलेल्या तबल्यासारखे वाटते. दागिने घातले आणि चाल बिघडवली, असेच म्हणावे लागते. शिवाय हा खेळ ‘फायनल फँटसी’ मालिकेतला नाहीच. तरी तो त्याच नावाखाली विकला गेला.

माझा खरा आक्षेप मात्र उणिवांवर नाही, मौनावर आहे. काय गाळले होते, काय परत घातले, कोणते भाषांतर जुने, कोणते नवे, हे खेळणाऱ्याला या संग्रहात कोणी नीट सांगत नाही. २००२ मध्ये युरोपात ‘अँथॉलॉजी’ याच नावाने संग्रह निघाला. त्यात चौथा आणि पाचवा खेळ होता, सहावा नव्हता. एकच नाव आणि आशय निराळा! आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा काळाची नोंद करून आणि आपण काय केले ते सांगून केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तिथे न स्वीकारलेले पाठही तळटीपांत सांभाळले आहेत. वाचकाला निवड दाखवणे हा त्याचा मान राखणे असते.

हे लिहिताना एक आठवण टोचते. नववीच्या वर्गात एका कादंबरीचा उतारा शिकवत होतो. आजोबांच्या कपाटातले मूळ पुस्तक वाचलेली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मधला नदीचा भाग कुठे गेला?” मी उत्तर दिले, “परीक्षेला एवढेच आहे.” ती बसली. धड्याखाली बारीक टाइपात ‘संपादित’ असे छापलेले होते. त्या शब्दाचा अर्थ सांगायची तीच वेळ होती आणि ती मी दवडली. ज्या मौनाबद्दल मी परदेशी कंपनीला बोल लावतो, ते मीही वर्षानुवर्षे पाळले आहे.

२०२१-२२ मध्ये या मालिकेतले पहिले सहा खेळ ‘पिक्सेल रीमास्टर’ म्हणून पुन्हा निघाले. खंड ओळीने लागले, संगीत नव्याने बांधले गेले. पण मधल्या आवृत्त्यांत जोडलेली काही प्रकरणे त्यात नाहीत. म्हणजे अखेरची प्रत अशी कुठे नाहीच. म्हणून जुने संग्रह टाकून देऊ नयेत. ज्यांच्या घरी असे यंत्र धूळ खात पडले असेल, त्यांनी चौथ्या खेळासाठी ‘क्रॉनिकल्स’ जरूर लावावा; पाचवा खेळ मात्र ‘अँथॉलॉजी’त पाहू नये. आणि खेळताना मुलांना एवढे विचारावे, “हे कोणी निवडले? काय गाळले?” आमच्या घरातली मुले आता हे मलाच विचारतात. यंदा नववीच्या वर्गात पहिल्याच तासाला मी मूळ पुस्तक घेऊन गेलो आणि नदीचा भाग वाचून दाखवला.