कर्म : ललाटरेषा की मनाची सवय?

दर वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे लोटणारा जनसागर दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या परिसरातील आपल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. शिवाजी पार्कवर त्या दिवसांत पुस्तकांची जी दुकाने लागतात, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ हटकून असतो. आपण ती गर्दी पाहतो, बस कोठून वळवली आहे याची चौकशी करतो. पुस्तक मात्र क्वचितच घरी आणतो. हा ग्रंथ आणि त्याआधीचे धर्मानंद कोसंबी यांचे ‘भगवान बुद्ध’ ही दोन पुस्तके आपल्या वाचकांनी निदान एका शब्दासाठी तरी वाचावीत, असे आम्हांस वाटते. तो शब्द ‘कर्म’ हा होय.

शब्द आपल्याला परका नाही. गिरगावच्या वाडीत काय नि परळच्या चाळीत काय, संकट आले की रोझरी संपवून उठलेल्या तोंडूनही ‘कर्म माझे!’ असा सुस्कारा निघतो. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला, पुढे अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले, तेव्हा लालबाग-परळच्या कितीतरी घरांनी ते कर्माचे भोग म्हणूनच सोसले. आणि त्याच घरांत संध्याकाळी दारूच्या गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलांनाही हाच शब्द लावला गेला. मालकाचा निर्णय आणि आपली सवय या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. उपर्युक्त दोन पुस्तकांचे मोल आम्हांस वाटते ते हे की, ती या दोहोंची फारकत करून देतात.

कोसंबी मूळचे गोव्यातील साखवाळचे. परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा राहिला तो त्यांच्याच प्रयत्नाने. 1940-41 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’मध्ये ‘कर्मयोग’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ते बुद्धाने सांगितलेली दहा अकुशल आणि दहा कुशल कर्मे मांडतात. त्यांपैकी तीन देहाची, चार वाणीची आणि तीन निव्वळ मनाची. परधनाचा लोभ, दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा आणि विपरीत दृष्टी, एवढ्याही कर्मच ठरतात. हात उचलावा लागत नाही. कोसंबींच्या लेखणीला अलंकाराचा सोस नाही. घरातील वडीलधाऱ्याने समजावून द्यावे तसे ते लिहितात, आणि म्हणूनच पटतात.

बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आवेश निराळा आहे. मन हेच साऱ्याचे केंद्र, हे ते मान्य करतात. परंतु माणसाचे आजचे दारिद्र्य त्याच्या गतजन्मीच्या कर्माने आले, ही कल्पना ते ठामपणे नाकारतात. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने टाळावी, याहून त्या कल्पनेचा दुसरा उपयोग त्यांना दिसत नाही. पारंपरिक बौद्ध पंथांना हे प्रतिपादन सर्वस्वी मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्हांस मात्र ते वाचताना संत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आठवला. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो.

तथापि एक उणीव जाणवते. अन्यायाचे विश्लेषण या ग्रंथात जितके भरघोस आहे, तितके मनाला रोजच्या रोज वळण कसे लावावे याचे मार्गदर्शन नाही. ते हवे असेल तर मूळ पाली वाङ्मयाकडे, मज्झिमनिकायातील ‘वितक्कसंठान’ या सुत्ताकडे गेले पाहिजे. अकुशल विचार पुन्हा पुन्हा येऊ लागला तर काय करावे, याचे पाच उपाय तेथे क्रमाने दिले आहेत. पहिला, त्याच्या जागी कुशल विचार बसवावा, जसा सुतार मोठी खुंटी बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो. ते न जमल्यास त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावेत. मग त्याकडे दुर्लक्ष करावे. मग धावणारा माणूस जसा आधी चालू लागतो, थांबतो, बसतो, तसा त्याचा वेग ओसरू द्यावा. आणि शेवटी दात आवळून मनानेच मनाला आवरावे. पागडीच्या खोलीवरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेल्या आणि दररोज तोच राग उगाळणाऱ्या माणसाला हे पाचही उपाय उपयोगी पडतील. ज्या विचाराला आपण वारंवार थारा देतो तिकडेच मनाचा उतार होतो. कर्म घडते ते असे, आणि बदलते तेही असेच.

सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूच्या अनुयायांना ही उपमा जवळची वाटावी. शिवाय संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात एकेक दोष घेऊन दिवसातून दोनदा तपासण्याची, प्रत्येक चुकीसाठी रेघेवर ठिपका मांडण्याची आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहण्याची रीत घालून दिली आहे. तीही सवयीशी झुंजण्याचीच रीत.

भेद आहे, आणि तो लपवण्यात सौजन्य नाही. बौद्ध साधक स्वतःच्या प्रयत्नावर उभा राहतो. इग्नेशियसची साधना मात्र कृपेच्या याचनेने सुरू होते. पडलेल्याला उठवणारा हात आपल्या बाहेरून येतो, ही आपली श्रद्धा आहे. पण तीच श्रद्धा कधी कधी आळसाची सबब होते. पापनिवेदन करून आपण दाराबाहेर पडतो आणि जुनी खुंटी होती तेथेच राहते. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे जाहीर केले, तेव्हा बौद्ध धर्माचा नावानिशी उल्लेख केला होता. त्या वचनाचा अर्थ दूरच्या तिबेटात शोधण्याची गरज नाही.

येत्या 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवरून एक पुस्तक घरी यावे. आणि पुढच्या वेळी ‘कर्म माझे’ हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबून विचारावे : हे माझ्यावर कोणी लादले आहे, की मीच रोज घोटून पक्के केले आहे? पहिले असेल तर शेजाऱ्यांसह त्याविरुद्ध उभे राहावे. दुसरे असेल तर बारीक खुंटी शोधावी.