पाडसाचं कुंपण

आमच्या बेळगावच्या महिला मंडळात महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायचं ठरलं. मी ‘पाडस’ सुचवलं, तशा एक काकू म्हणाल्या, “अगं, त्यात पानोपानी शिकार. आपण कशाला वाचायचं ते?” प्रश्न लागला मला. बी.ए.ला असताना रडत रडत वाचलेलं पुस्तक, पण हा प्रश्न तेव्हा पडलाच नव्हता. म्हणून परत वाचायला घेतलं.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी १९३८ ची. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांच्या मराठीतून फ्लोरिडाचं ते रान आपल्याच शिवेपलीकडचं वाटतं. कथा ठाऊकच आहे. पेनी बॅक्स्टरला विषारी साप चावतो, विष ओढून काढायला तो एक हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो. मागे उरलेलं पाडस त्याचा मुलगा ज्योडी घरी आणतो. तेच पाडस मोठं होऊन मक्याचे कोंब खाऊ लागतं.

आपल्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शिकार सरळ सप्तव्यसनांत. पेनीनं हरिणी मारली ती जीव वाचवायला, हे खरं. पण तिनं त्याचं काय बिघडवलं होतं? लेखिका या हिंसेवर पांघरूण घालत नाही. हरिणीच्या मरणाचं देणं ती ज्योडीच्या पदरात घालते आणि शेवटी वसूल करते. मला या पुस्तकाची खरी ताकद इथे दिसते. यातल्या माणसांच्या शिकारीला भुकेची मर्यादा आहे आणि प्रत्येक मरणाचा हिशेब आहे.

आज तेच रान ओकाला राष्ट्रीय वन म्हणून ओळखलं जातं. १९०८ पासून ते सरकारी आहे. पुस्तकाच्या नावाची पायवाटही तिथे आहे. आणि हंगामात, परवाना काढून, तिथे हरणांची शिकारही होते. अमेरिकेत रानातलं हरिण कुणा एकाच्या मालकीचं नसतं, राज्य ते सगळ्यांच्या वतीनं सांभाळतं. जमीनमालकाच्या हातात असते फक्त आत जायची वाट. पण ही वाटच विकता येते! टेक्ससमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी. तिथे हंगामापुरती किंवा वर्षाच्या करारानं जमीन घ्यायची, ठरल्या वेळी मका सांडणारं यंत्र बसवायचं आणि मचाणात बसून राहायचं. काही ठिकाणी तर आठ फुटी कुंपण असतं, हरिण बाहेर जाऊ नये म्हणून.

इथे मला ज्योडीचं कुंपण आठवलं. पाडस शेतात येऊ नये म्हणून त्या पोरानं घाम गाळून ते उंच केलं, आणि पाडसानं एका उडीत ओलांडलं. मक्याच्या कोंबांपायी ज्याचा जीव गेला, त्याच्याच जातभाईंना आता मका घालून बोलावतात. नेमिनाथांचा रथ थांबला तो कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून. मारण्याआधीचं ते कोंडणंच त्यांना सोसलं नाही.

करारवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, भाड्याचे पैसे येतात म्हणून मालक रान राखतो, नाहीतर तिथे प्लॉट पडले असते. खोटं नाही ते. सरकारी जंगलात गरिबालाही परवाना परवडतो, घरात वर्षाचं मांस येतं, आणि हरणाला पळायला रान तरी उरतं. दोन्हींत मला काय बरं वाटतं, असं विचाराल तर बरं काहीच नाही. कमी वाईट मात्र सरकारी जंगल. तिथे हरणाच्या वाट्याला संधी आहे. करारात तीही पैसे देऊन काढून घेतलेली.

आता पुस्तकाबद्दलची माझी एक तक्रार. ज्योडीची आई. गोळी तीच झाडते, नेम चुकतो, पाडस तडफडतं आणि उरलेलं काम ज्योडीला करावं लागतं. वाचणारे सगळे तिच्यावर रागावतात. मीही रागावले होते. पण बाप अंथरुणाला खिळलेला. मारायचा हुकूमही त्यानंच दिलेला, आणि पोराच्यानं ते झालं नाही. दोनदा उगवलेलं पीक गेलं. कणगीत किती उरलंय हे घरात तिलाच ठाऊक. अनेक मुलं पुरलेली ही बाई. लेखिकेनं बापाला कनवाळूपण दिलं आणि आईच्या वाट्याला तोंडाळपणा ठेवला. चार माणसांचं पीठ पुरवून पुरवून मळणाऱ्या बाईला हे खटकणारच.

मंडळात मी एवढंच बोलले. काकू गप्प होत्या. निघताना माझ्याच हातातली प्रत त्यांनी मागून घेतली. म्हणाल्या, “शिकारीची पानं सोडून वाचते.”

मी म्हटलं, “काकू, तीच सोडू नका.”