बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि योग्यानुपलब्धि

घरबसल्या आंतरजालावरून वंशशोध करण्याची सोय झाल्यापासून ख्रिस्ती घराण्यांचेहि कुलवृत्तांत लिहिले जाऊं लागले आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु असल्या लेखनांत एक वाक्य वारंवार आढळतें: ‘बाप्तिस्म्याची नोंद मिळत नाहीं.’ त्यापाठोपाठ अनुमान येतें कीं, बाप्तिस्मा झालाच नसावा, किंवा मूल औरस नसावें, किंवा घराणें परप्रांतांतून आलें असावें. आमचा आक्षेप ह्या अनुमानावर आहे. गतकालीन मनुष्यास आपली बाजू मांडतां येत नाहीं. त्याच्या औरसत्वाविषयीं लिहितांना तरी लेखणी जपून चालवावी.

भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें खरें. पण ती ‘योग्य’ असली पाहिजे, अशी अट आहे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिति असेल तरच त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तो तेथें नाहीं असें म्हणतां येत नाहीं. संगणकाच्या सूचींत नांव घातलें आणि कांहीं निघालें नाहीं, ही अनुपलब्धि योग्य कीं अयोग्य, हें ठरविण्यासाठीं खोलींत उजेड किती आहे तें पाहिलें पाहिजे.

लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत तीन इलाख्यांच्या बाप्तिस्मे, विवाह व दफन ह्यांच्या नोंदींच्या मालिका आहेत. मद्रासची १६९८ पासून, मुंबईची १७०९ पासून व बंगालची १७१३ पासून सुरू होते. तिन्ही १९४८ पर्यंत येतात. (मुंबईचें सेंट टॉमस चर्च १७१८ च्या नाताळांत उघडलें, म्हणजे मालिका चर्चाहून वडील.) परंतु ह्या मूळ वह्या नव्हेत. ठिकठिकाणच्या पाद्र्यांनीं आपल्या वहीवरून उतारे करून इलाख्याच्या मुख्य ठाण्यास धाडावे, तेथून त्यांची प्रत विलायतेस जावी, असा प्रघात होता. त्या प्रतीवरून पुढें सूची झाली. नकलेच्या नकलेंत पाठ कसा बिघडतो, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय ह्या मालिकांत भर आहे तो युरोपियन व युरेशियन लोकांचा. वसईच्या कॅथलिक शेतकऱ्याचें नांव तेथें न सांपडल्यास त्यांत नवल तें कोणतें? फॅमिलीसर्च ह्या संस्थेची ‘भारत, जन्म व बाप्तिस्मे, १७८६ ते १९४७’ ह्या मथळ्याची सूचीहि अशीच फसवी ठरते. मथळ्यावरून ती सबंध देशाची जंत्री वाटते. वस्तुतः जेवढ्या नोंदी उतरविल्या गेल्या तेवढ्यांचीच ती यादी आहे.

स्थळाची गफलत तर थोरामोठ्यांच्या बाबतींतहि होण्याजोगी आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील वाँटेज गांवीं झाला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे चित्पावन. पण त्यांचा बाप्तिस्मा १८४८ सालीं जौनपुरास झाला व तेव्हां त्यांस नेहेम्या हें नांव मिळालें. मराठी माणसें म्हणून दोघांच्या नोंदी मुंबई इलाख्यांत धुंडाळणारा रिकाम्या हातीं परत येईल.

कालाचीहि तीच गोष्ट. इंग्रजांचें वर्ष १७५२ पूर्वीं २५ मार्चास बदलत असे. तेव्हां १७३१ च्या फेब्रुवारीची म्हणून लिहिलेली नोंद आजच्या गणनेनें १७३२ ची ठरते. सुहूर सन व शक ह्यांचा मेळ घालणाऱ्यांस ही अडचण नवी नाहीं. तरी कुलवृत्तांतकार ती विसरतात.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र गोवें व वसईकडील पोर्तुगीज नोंदींत होतो. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाची वही ठेवण्याची व बाप्तिस्म्याच्या वहींत धर्ममातापित्यांचीं नांवें लिहिण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें नोंदींचा नमुना घालून दिला. ह्या परंपरेंतील पोर्तुगीज नोंदींत मुलाचें केवळ बाप्तिस्म्याचें नांव लिहीत. आडनांव आईबापांच्या नांवापुढें असे. अर्थात् मुलाच्या नांवापुढें आडनांव घालून शोधणारास तें मूल कधींच भेटावयाचें नाहीं! त्यांत फ्रान्सिस्को, अंतोनियो, मारिया हीं नांवें आद्याक्षरें व अंत्याक्षर लिहून संक्षिप्त करीत. मोडी कागदांतील संक्षेप ज्यांनीं सोडविले आहेत त्यांस ही लकब चटकन् उमगेल. सूची करणाऱ्या परदेशस्थ मनुष्यास ती उमगेलच असें नाहीं.

मुंबई बेटाची आणखी एक गोम आहे. इंग्रजांनीं १७२० सालीं पोर्तुगीज पाद्र्यांस घालवून तेथील इगर्ज्या कार्मेली पाद्र्यांच्या स्वाधीन केल्या. १७९४ सालीं दोन्ही पक्षांत त्यांची वांटणी झाली, आणि हा दुहेरी अधिकार १९२८ पर्यंत चालला. त्यामुळें एकाच आळींतील दोघां भावांचीं मुलें दोन निराळ्या वह्यांत नोंदलेलीं असूं शकतात. एका पक्षाची वही पाहून शोध संपला म्हणणें म्हणजे अर्धे दप्तर न सोडतांच निकाल देणें होय.

मग शोध घ्यावा कसा? मुलाचें नांव तूर्त बाजूस ठेवावें व आईबापांचीं नांवें, गांव व दशक धरून चालावें. विवाहाच्या नोंदींत वधूवरांचा बाप्तिस्मा कोणत्या गांवीं झाला तें पुष्कळदां लिहिलेलें असतें; ती नोंद आधीं मिळवावी. भावंडांच्या नोंदी काढाव्या; धर्ममातापित्यांचीं नांवें पाहावीं, कारण तीं बहुधा आप्तइष्टांचींच असतात. आणि सूचीवर न थांबतां पानांच्या प्रतिमा ओळीनें वाचाव्या. हें काम कंटाळवाणें आहे, हें आम्हीं जाणून आहों. पण त्यावांचून तरणोपाय नाहीं.

नोंद न मिळण्याहून भलतीच नोंद मिळणें अधिक घातक. अंतोनियो, बाप फ्रान्सिस्को, अशी जोडी एका गांवांत कितीहि निघेल. त्यांतली पहिली हाताशीं लागलेली उचलून वंशवृक्षास डकविली, म्हणजे पुढचे दहाजण तीच उतरून घेतात, आणि दहा ठिकाणीं छापली म्हणून ती प्रमाण ठरूं लागते. आईचें नांव, वाडा व धर्ममातापिता हीं जुळल्याखेरीज असली नोंद स्वीकारूं नये.

ह्यापुढें कुलवृत्तांतकारांनीं ‘नोंद नाहीं’ असें मोघम न लिहितां, कोणत्या चर्चाची वही, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, मूळ पान कीं सूची, व मध्यें किती पानें फाटलीं वा वाळवीनें खाल्लीं, हें तळटीपेंत द्यावें. वहीच नष्ट झाली असल्यास तसें लिहावें, आणि औरस-अनौरसाचा शब्द काढूं नये.