तेरा क्रुसांची टेकडी

नॉर्मन मॅक्लीन यांचे 'यंग मेन अँड फायर' हे पुस्तक १९९२ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने काढले, तेव्हा ते पाहायला लेखक हयात नव्हते. १९९० मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले होते. जन्मभर इंग्रजी साहित्य शिकवलेल्या या प्राध्यापकांनी वार्धक्याची अनेक वर्षे एका संध्याकाळचा माग काढण्यात घालवली आणि हस्तलिखित अपुरेच राहिले. प्रायश्चित्तकाळात मी ते दुसऱ्यांदा वाचले. पहिल्या वाचनात मी त्यावर लुब्ध झालो होतो. या वेळी मात्र मनात वाद उभा राहिला.

ती संध्याकाळ ५ ऑगस्ट १९४९ची. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, मिसूरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत वीज पडून वणवा लागला होता. तो विझवण्यासाठी पंधरा जवान विमानातून छत्रीच्या साहाय्याने उतरले. खाली एकटाच आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना मिळाला. बिनतारी यंत्राची छत्री उघडलीच नाही, ते आपटून फुटले. नदीकडे जाताना त्यांना दिसले, की आग घळ ओलांडून आपल्याच बाजूला आली आहे. मग उलट वळून चढण चढणे आले. आता वणव्याचा स्वभाव असा, की माणूस चढावर दमतो, तर आग चढावर वेग घेते. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. वाळलेले गवत, मागून वारा आणि भिंतीसारखा उतार! दोन तास पुरे होण्याआधीच सगळे संपले. सोळांपैकी तेरा गेले. तिशीही कोणी गाठली नव्हती. वनरक्षकाच्या मनगटावरचे घड्याळ सहाला चार मिनिटे कमी असताना थांबले होते.

जे तीन वाचले, त्यांपैकी दोघे कड्याच्या फटीतून निसटले. तिसरा टोळीनायक वॅगनर डॉज. त्याने धावणे थांबवून समोरच्या गवताला स्वतःच काडी लावली, आणि जळून गेलेल्या जागेत राखेवर पालथा पडून राहिला. मुलांना त्याने हाका मारल्या. एकही आत आला नाही. आपल्याकडच्या राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला जळक्या भुईवर आग परतत नाही हे सांगावे लागत नाही, परंतु त्या पोरांना नायक वेडा झाला असेच वाटले असावे. पुढे एका मृताच्या वडिलांनी आरोप केला, की डॉजच्या आगीनेच माझा मुलगा मारला. चौकशी मंडळाने डॉजला निर्दोष ठरवले. मॅक्लीन या वादाकडे टाळाटाळ न करता पाहतात. वाचलेल्या दोघांना ते १९७८ मध्ये पुन्हा त्या उतारावर नेतात, आगीचे गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञांकडे जातात, पावले मोजतात. माझ्या मते पुस्तकाचा हा भाग श्रेष्ठ होय. इथे दुःखाचे प्रदर्शन नाही. सत्यापर्यंत पोहोचणे हीच मृतांची सेवा, या निष्ठेने एक म्हातारा माणूस उन्हात चढ चढतो आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. जिथे जिथे एकेक देह सापडला तिथे क्रूस उभारले गेले, आणि मॅक्लीन त्या चढणीला क्रुसाची वाट म्हणतात. लेखक एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. त्यांच्या मंडळीत ही भक्ती नाही. आपली भक्ती त्यांनी इतक्या आदराने उसनी घेतली याचा आपल्याला आनंद व्हावा. तथापि, आपण स्थानापुढे गुडघे टेकतो ते जाणूनबुजून मरणाकडे गेलेल्या प्रभूसाठी. ही मुले मरायला आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुक्कामी परतू, असेच ती समजत होती. त्यांच्या मरणाला दुःखसहनाचे रूप दिले, की ते अटळ आणि पवित्र वाटू लागते. मग 'त्यांना तिथे धाडले का?' हा प्रश्न मागे पडतो.

आणि तो प्रश्न विचारायलाच हवा होता. १९३५ पासून अमेरिकी वनखात्याचा दंडक होता, की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या सकाळी दहाच्या आत विझवायची. ओसाड घळीतल्या आगीवर माणसे उतरली ती या धोरणाने. सत्तरच्या दशकात ते सोडून देण्यात आले, पण तोवर लहान आगींनी साफ झाले असते ते सरण अनेक रानांत साचत गेले. पुढे अवर्षण आणि वाढते तापमान यांनी भर घातली. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जळाले, पंच्याऐंशी माणसे मेली, बहुतेक वयोवृद्ध. ठिणगी वीजवाहिनीची होती. वीज कंपनीने २०२० मध्ये चौऱ्याऐंशी मृत्यूंबाबत गुन्हा न्यायालयात कबूल केला. मॅक्लीन चौकशीतील विसंगती निर्भीडपणे दाखवतात. धोरणाच्या मुळाशी मात्र तेवढ्या चिकाटीने जात नाहीत.

अखेरच्या पानांत ते कर्करोगाने गेलेल्या आपल्या पत्नीच्या एकाकी मरणाशी या मुलांना जोडतात. पुष्कळांना ते ठिगळ वाटले. मला नाही. इथेच कळते, की इतकी वर्षे हा माणूस कोणासाठी चढ चढत होता. आणि क्रुसांचा त्याचा मोहही मग समजून घेता येतो.

एक गोष्ट पुस्तकानंतरची. त्या तेरांत एक ज्यू तरुण होता. त्याच्या नावाने उभ्या असलेल्या क्रुसाच्या जागी आता दावीदचा तारा आहे.