‘गाणारं व्हायोलिन’: गातं कोण?

प्रभाकर जोग आपल्याच जिल्ह्यातले. जन्म हरेगावचा, १९३२चा. त्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकताना सावेडीतल्या आम्हा म्हाताऱ्यांना शंका येते: गातं कोण?

व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट तारेवर सरकलं की मींड अखंड निघते. गज स्वर धरून ठेवतो, आणि गजाची दिशा बदलली की अक्षर उच्चारल्यासारखं वाटतं. जोग हा बदल नेमका गीतातल्या शब्दाच्या जागी करत. म्हणून शब्द ‘ऐकू’ येतात! पण ते आपल्या पाठांतरातले. ज्याला गीतच ठाऊक नाही, त्याच्या हाती उरते फक्त चाल.

त्यांचे गुरू गजाननबुवा जोशी राग वाजवत, तिथे श्रोत्याला ही उसनवारी नाही. वाद्याची खरी परीक्षा आम्ही तिथे मानतो. जोगांच्या हातची चाल मात्र किती निर्मळ, हेही कबूल.