स्त्रीराज्याच्या राणीचे सामर्थ्य : भूमिका-खेळांतील परी-राज्यकर्त्यांविषयी एक विचार

प्रास्ताविक :

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळावयाच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांची परंपरा सुरू झाली. या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो. सूत्रधार प्रसंग मांडतो आणि कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. पात्रांना बळ, कौशल्य व प्राणशक्ती यांचे आकडे असतात. अशा खेळात परीलोकाचा राजा वा राणी अवतरली, तर तिचे सामर्थ्य किती असावे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. वस्तुतः तो कथामीमांसेचा प्रश्न आहे. आपल्या परिसरातील नाथपरंपरेच्या एका कथेच्या आधारे त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आकड्यांचा मार्ग व त्याच्या मर्यादा :

१९७६ साली रॉबर्ट कुंट्झ व जेम्स वॉर्ड यांनी या खेळासाठी देवदेवतांची एक पुरवणी सिद्ध केली. तीत ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवतांबरोबर भारतीय देवतांनाही प्राणशक्तीचे आकडे देण्यात आले. देवांचे आकडे पाहून तरी अवास्तव फुगविलेल्या पात्रांतील हास्यास्पदता खेळाडूंच्या ध्यानी यावी, असा संपादकीय हेतू प्रस्तावनेत व्यक्त झाला होता. परंतु ज्याला प्राणशक्तीचा आकडा आहे त्याला मारता येते, असाच अर्थ अनेक खेळाडूंनी घेतला. ज्या देवतांची आजही पूजा होते, त्यांना असे लक्ष्य बनविण्यात औचित्याचा प्रश्न आहेच. शिवाय कलेचाही आहे. मारता येणारी राणी ही केवळ मोठी शत्रू ठरते. तिच्याविषयीचे भय व विस्मय लोप पावतात.

याउलट राणीला अमर्याद मानावे, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. त्यातील धोका तितकाच मोठा आहे. राणी म्हणेल तेच घडणार असेल, तर खेळाडूच्या निर्णयाला अर्थ उरत नाही. तो सूत्रधाराच्या कथेचा श्रोता बनतो. आकड्यांच्या समर्थकांचा मूळ आक्षेप येथेच आहे आणि तो रास्त आहे. नियम नसेल तेथे न्यायही नसतो. तेव्हा प्रश्न असा उरतो की, आकड्याखेरीज दुसरी कोणती मर्यादा सामर्थ्याला घालता येईल?

मैनाकिनीची कथा :

धुंडीसुत मालू नरहरी यांचा 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ (इ. स. १८१९) मधील आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात मढी येथील कानिफनाथ समाधी, मांजरसुंब्याजवळील गोरक्षनाथ गड व गर्भगिरीच्या रांगा यांमुळे या कथा नागापूर परिसरातील वाचकाला परक्या नाहीत. या ग्रंथातील मच्छिंद्रनाथ भैरव, वेताळ आदी बलाढ्य शक्तींना जिंकतात. प्रत्यक्ष मारुतीशीही त्यांचे युद्ध होते. खेळाच्या भाषेत सांगावयाचे, तर त्यांच्या आकड्यांना तोड नाही. असा हा योगी गुंततो तो स्त्रीराज्यात, मैनाकिनी राणीपाशी. तेथे युद्ध होतच नाही.

मैनाकिनीच्या सामर्थ्याचे तीन घटक दिसतात. पहिला, क्षेत्र. मारुतीच्या भुभुःकारामुळे त्या राज्यात पुरुष जिवंत राहू शकत नाही. ही मर्यादा राज्याच्या सीमेशी बांधलेली आहे. दुसरा, वचन. राणीच्या तपाला मारुतीने दिलेल्या वरामुळे मच्छिंद्रनाथ तेथे जातात. म्हणजे तिचा अधिकार शब्दातून येतो. तिसरा, आसक्ती. संसार, पुत्र मीननाथ व काळाचा पडलेला विसर यांनी नाथांना बांधले जाते. यांपैकी एकही घटक तलवारीने तुटणारा नाही.

म्हणूनच गोरक्षनाथ शस्त्र घेऊन येत नाहीत. कलिंगा नर्तकीच्या ताफ्यात वेष पालटून ते प्रवेश करतात आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूंना जागे करतात. सीमा ओलांडण्याची रीत त्यांना ठाऊक आहे आणि आसक्तीवरचा उतारा स्मरण हाच आहे, हेही ते ओळखतात. राणी हरते, परंतु मारली जात नाही. शिवाय तिने दिलेली सोन्याची वीट गुरूंच्या झोळीत पुढच्या प्रवासातही राहते. गोरक्षनाथ ती फेकून देतात आणि गर्भगिरी सोन्याचा करून दाखवितात, तेव्हा कोठे तो मोह संपतो. राज्याबाहेरही उरणारे सामर्थ्य यापेक्षा नेमके कसे दाखविता येईल?

शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' मध्येही हेच सूत्र आढळते. ओबेरॉन व टिटानिया यांच्या भांडणाने ऋतुचक्र बिघडते, पिके कुजतात. परंतु तीच टिटानिया एका फुलाच्या रसापुढे असहाय होते. त्या भांडणाचे कारण एक भारतीय बालक असावे, हेही लक्षणीय आहे.

राणीची बाजू :

येथे मूळ कथेची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. कथन गोरक्षनाथांच्या बाजूने होते. मैनाकिनी ही साधनेतील अडथळा ठरते. तिचा पती जातो, पुत्रही जातो. पण तिच्या दुःखाला निर्णयाचा अधिकार मिळत नाही. भूमिका-खेळात मात्र सूत्रधाराला तिच्या वतीने बोलावे लागते, आणि खेळाडूंना तिच्याशी करार करावा लागतो. २०१४ च्या आवृत्तीत परीलोकाच्या अधिपतीशी करार करून शक्ती मिळविणारे पात्र आहे, ते या दृष्टीने उद्बोधक आहे. राणी केवळ जिंकण्याची वस्तू न राहता व्यवहारातील दुसरा पक्ष होते.

निष्कर्ष :

परी-राज्यकर्त्याचे सामर्थ्य आपल्या सीमेत जवळजवळ संपूर्ण असावे. मात्र ते खेळाडूंना शोधता येईल अशा नियमाने बांधलेले असावे. तिच्या प्राणशक्तीचा आकडा किती, यापेक्षा तिचे राज्य कोठे संपते, तिला कोणते वचन मोडता येत नाही आणि ती पाहुण्याकडून काय घेते, ही तीन उत्तरे सूत्रधाराने आधी निश्चित करावीत. असे केल्यास विस्मय टिकतो आणि खेळाडूचे स्वातंत्र्यही टिकते. लोकसाहित्याच्या अध्यापकांनाही या खेळांकडे उपेक्षेने पाहण्याचे कारण नाही. कथेतील सत्ता कोणाची व ती कशाने बांधलेली, हा आपल्या वर्गातील जुनाच प्रश्न तेथे नव्याने विचारला जात आहे.